पालथा डबा

२० जुलै, रविवार

मुंग्यांनी सांगितलं. सकाळी अंथरुणं उन्हात टाकायला काढली तर ताराच्या उशीच्या अभ्र्यातून रांग निघालेली. आत पोळ्यांचे तुकडे. काही वाळून पापड झालेले, काहींवर बुरशी. रेवती शेजारीच उभी. सूनबाई रागावली असती तर बरं झालं असतं, तिचं तोंड एवढंसं झालं. म्हणाली, "आई, मी हिला उपाशी ठेवते का हो?"

पोर दाराआडून बघत होती. चार वर्षांचं लेकरू खोडी सापडली की निदान रडतं, पळतं. ही नुसती आमच्या तोंडांकडे बघत अंदाज घेत होती, आता पुढे काय होणार याचा.

ज्येष्ठात घरी आली. आधीचं फारसं कुणाला माहीत नाही. दत्तक संस्थेच्या मॅडम एवढंच म्हणाल्या की सापडली तेव्हा अंगावर मांस नव्हतं. कागद अजून पक्के नाहीत. गणपतीनंतर मॅडम घरी येऊन बघणार, मग शेवटची सही. तोवर ती आमची आहे आणि नाहीही.

तुकडे गच्चीवर टाकले. कावळ्यांची चंगळ झाली.

२३ जुलै, बुधवार

मुलांच्या डॉ.कडे. माझा मंदार, रेवती, तारा, आणि न बोलावलेली मी. डॉ. वयानं लहान, बोलतात सावकाश. म्हणाल्या, पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू हे शिकत असतो की जग भरवशाचं आहे की नाही. वेळेवर दूध मिळालं, रडल्यावर कुणी उचललं, की तो बोलायला-खेळायला मोकळा होतो. नाही मिळालं तर पहाऱ्यावर बसतो. मग धोका गेला तरी पहारा लवकर उठत नाही. "ही चोरी नाही. सावध आहे ती."

मं.नं विचारलं, "किती दिवसांत जाईल हे?"

"लहान आहे, मेंदू अजून घडतोय. रोज तेच, त्याच वेळेला, त्याच माणसांकडून मिळालं की फरक पडतो. तारीख नाही सांगता येत."

मला टेलिफोन एक्स्चेंजमधली माझी नोकरी आठवली. जुन्या टेलिफोन बोर्डावर पावसाळ्यात एखाद्या लाइनीचा दिवा आपोआप पेटायचा. पलीकडे कुणीही नसायचं. तरी आम्ही पोरी प्लग घालून विचारायचोच, न जाणो कुणी असलं तर. चिडून काही होत नसे, तारेतली ओल वाळेस्तोवर उत्तर देत राहायचं. आमच्या सुपरवायझरबाईंना हे डॉ.चं भाषण ऐकवायला हवं होतं, त्या फार चिडायच्या.

येताना रिक्षात ताराच्या मुठीत डॉ.नी दिलेलं बिस्कीट. खाल्लं नाही, सोडलंही नाही.

२५ जुलै, शुक्रवार

दोन दिवस कौसाच डोक्यात.

बहात्तरचा दुष्काळ. मी तेव्हा चौथी-पाचवीत. घर छावणीत, म्हणजे लष्करी कॅन्टोन्मेंटात. पोलीस ॲक्शननंतर बाबांना तिथल्या एका दफ्तरात नोकरी लागली, तेव्हापासूनचं. दोन खोल्या, मागं हौद, हौदात पाणी नाही. आईचं माहेर करमाडचं. तिच्या चुलतभावाची बायको त्या वर्षी वारली, तो खडी फोडायच्या कामावर, आणि पोर तिथंच धुळीत बसलेली. आई भेटायला म्हणून गेली आणि तिला कडेवर घेऊन आली. पाचेक वर्षांची, पोट पुढे, केस तांबूस. हीच कौसा.

बाबा म्हणाले, "अगं, आपल्यालाच मिलो पुरत नाही."

आई म्हणाली, "मंग ती बी मिलोच खाईल. तिला कुठं आंबेमोहर पायजे?"

मिलो म्हणजे रेशनवर आलेली परदेशी लाल ज्वारी, तिच्या भाकरी माझ्या घशाखाली उतरायच्या नाहीत. कौसाच्या उतरायच्या. उरलेली ती लपवायची. माझ्या दप्तरात, तुळशीच्या कुंडीत पुरून, एकदा बाबांच्या बुटात. बाबांनी पाय घातला आणि "हे काय" म्हणून भाकरी बाहेर काढली, तेव्हा आम्ही भावंडं हसून लोळलो. आई नाही हसली.

आमच्यात भाकरीची दुरडी रिकामी ठेवत नाहीत. चतकोर का होईना, आत राहू द्यायचा. आईनं ती दुरडीच कौसाच्या हवाली केली. "ही तुझी. रिकामी व्हायला आली की मला सांगायचं. माझ्या काय ध्यानात राहात नाय." आईच्या ध्यानात सगळ्या जगाचं राहायचं. कौसा दिवसभर येऊन झाकण काढून बघायची, बघून परत खेळायला जायची. पुढे पुढे बघायचं विसरायला लागली.

किती वर्षांनी ती दुरडी डोळ्यांपुढे आली. वेताची, कडेला आईनं जुन्या लुगड्याचा काठ शिवलेला. दोन खोल्यांत पाणी नव्हतं, धान्य नव्हतं, आणि तरी ती वर्षं आठवली की मला गोडच वाटतं. हे आजच्या कुणाला सांगून पटायचं नाही. आईची फार आठवण येते.

२७ जुलै, रविवार

रेवतीला घेऊन गुलमंडीच्या बाजारात गेले. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा घेतला. नाव घालून घेतलं. मशिनवाल्या चाचांनी विचारलं, "पूरा नाम डालूं क्या अम्मा? आडनाव भी?" मी रेवतीकडे पाहिलं. ती म्हणाली, "नुसतं तारा." मी म्हणाले, "आगे थोडी जगा छोड दो." चाचा शहाणे, काही विचारलं नाही.

डबा ओट्याखालच्या फळीवर, तिचा हात पोचेल असा. तिला सांगितलं, ही तुझी पोळी. हवी तेव्हा घे. संपत आली की मला सांग, मला म्हातारीला आठवत नाही. आईचं वाक्य जसंच्या तसं चोरलं.

ताराने झाकण काढलं. वास घेतला. झाकण लावलं. गेली. दुपारपर्यंत हेच चाललेलं.

२९ जुलै, नागपंचमी

आज आमच्याकडे तवा ठेवत नाहीत, काही चिरत नाहीत. पुरणाचे दिंड उकडायचे. पण डब्यात पोळी पाहिजे. काल संध्याकाळीच करून ठेवल्या. नागोबालाही चालेल, तवा काल होता.

रेवती हसली. बऱ्याच दिवसांनी.

१० ऑगस्ट, रविवार

अभ्रा स्वच्छ. गादीखाली काही नाही. चपलांच्या कपाटात एक तुकडा, तोही मऊ, म्हणजे आजचाच.

आणि आज आपणहून बोलली. डब्यापाशी उभी राहून हाक मारली, "आजी, एकच हाय." मी पीठ मळायला घेतलं तर शेजारी पाट ओढून बसली आणि गोळ्यात बोट खुपसून बघत राहिली. माझं अंग हलकं झालं अगदी. रेवतीनं मागून हळूच फोटो काढला. मं.ला ऑफिसात पाठवला, त्याचा दोन मिनिटांत फोन, "परत म्हणायला लाव ना तिला." म्हटलं, ती काय पोपट आहे?

२२ ऑगस्ट, पोळा

मातीचे बैल आणले. ताराने शिंगं मोडून बघितली आधी.

दुष्काळातला पोळा आठवला. करमाडला बैल राहिलेच नव्हते, कुणी विकले, कुणी छावणीत नेऊन बांधले. छावणी म्हणजे आमची नव्हे, जनावरांची. मी तेव्हा बाबांना विचारलेलं की बैल आपल्या शेजारी राहायला येणार का, त्यावर घरात अजून हसतात. कौसानं हौदाच्या तळच्या मातीचे बैल केले. मी केलेल्यांपेक्षा देखणे. त्यांच्या पुढ्यात भाकरीचा नैवेद्य ठेवला, हात जोडले, आणि भाकरी परत उचलून दुरडीत ठेवली. "त्यांचं पोट भरलं," म्हणाली.

तीनेक वर्षं राहिली आमच्याकडे. मग तिच्या बापानं पिशोरला दुसरं लग्न केलं आणि घेऊन गेला. जाताना आईनं दुरडी तिच्याबरोबर दिली. मी रुसले होते, मला दुरडी गेल्याचं जास्त वाटलं की कौसा गेल्याचं, देव जाणे.

गणपती पाच दिवसांवर. महालक्ष्म्यांचं सामान काढायचंय. मुखवटे चिंचेनं घासायचे.

१ सप्टेंबर, सोमवार. महालक्ष्म्यांचं जेवण

लिहवत नाही. पण लिहिते.

पहाटेपासून सोवळ्यात. आज स्वयंपाकघरात शिळं ठेवत नाहीत. दरवर्षीसारखी सगळी भांडी रिकामी करून, घासून, पालथी घातली. त्यात ताराचा डबाही. कालच्या पोळ्या गाईला गेल्या. माझ्याच हातानं. नागपंचमीला जिला आठवलं तिला आज आठवलं नाही. लग्न होऊन आल्यापासून हात हेच करत आलेत, डोकं मध्ये येत नाही.

घर भरलेलं. धाकटी जाऊ सुमन, तिच्या सुना, पोरं. पुरणाचा वास सगळ्या वाड्यावस्तीत जाईल असा. आणि ज्याला त्याला एकच सांगणं, हात लावू नका, नैवेद्य व्हायचाय. बाकीची पोरं ओरडतात, लाडू पळवतात, रागावून घेतात. तारा स्वयंपाकघराच्या दारात आली. कुणी म्हणालं, "ए, बाहेर. सोवळं आहे." फळीवर डबा पालथा. तिनं बघितला. "संपलं," म्हणाली. मला नव्हे, कुणालाच नव्हे.

मग दिसेना. सापडली ती महालक्ष्म्यांच्या मागे, पडद्यात. पुढ्यातल्या फराळाच्या करंज्या फ्रॉकमध्ये भरलेल्या, तोंड गच्च भरलेलं, गिळता येत नव्हतं. रेवती घाबरली, घास अडकेल म्हणून हात धरून ओढायला गेली. ताराने मनगटाला चावा घेतला. सोडेना. एक मुखवटा कलंडला. सगळे बघत.

सुमन म्हणाली, "कुणाचं रक्त, कुणाला ठाऊक."

मी म्हणाले, "तुझ्या थोरल्यानं माझा रेडिओ गच्चीवरून खाली टाकला होता. ते रक्त ठाऊक होतं ना आपल्याला?" कुणी हसलं नाही. रेवतीनं मात्र सुमनचं ऐकलं होतं. खोलीत गेली, दार लावून घेतलं.

नैवेद्य झाला. सगळे जेवले. चव कशाला होती कोण जाणे.

२ सप्टेंबर, मंगळवार

रेवतीचं मनगट सुजलंय. डॉ.नी इंजेक्शन दिलं.

तारा रडली नाही. भिंतीकडे तोंड करून बसून आहे. डबा भरून ठेवलाय, त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. बुटात पोळी सापडली. आता मं.च्या. मला हसू आलं नाही. आई का हसली नव्हती ते कळलं.

रेवती दु. माझ्याजवळ येऊन बसली. "आई, मी मॅडमना फोन केला. म्हटलं, मला नाही जमणार. तिला माझ्यापेक्षा बरी आई मिळू दे." मॅडम म्हणाल्या म्हणे, फोनवर ठरवू नका, पंधरा तारखेला सोमवारी येते, तेव्हा सांगा.

मी सांगितलं, चूक माझी, डबा मी पालथा घातला. ती म्हणाली, "एका डब्यानं इतकं होत असेल तर आयुष्यभर किती डबे सांभाळायचे? हे कधी जाणार आहे का, एवढं कुणीतरी सांगा मला."

मला कुठून माहीत असणार. पण कौसाला माहीत असेल.

५ सप्टेंबर, शुक्रवार

पिशोरला जाऊन आले. कन्नडपर्यंत एस.टी., पुढे काळीपिवळी जीप. कौसाला मागे एकदा कुणाच्या लग्नात ओझरतं पाहिलं होतं, त्यालाही जमाना झाला.

पिठाची गिरणी आहे तिची, मुलगा चालवतो. स्वतः पायरीवर बसलेली, पापण्यांवर पीठ, पाठीवर नातू लोंबकळतोय. मला बघून उभी राहिली. "अक्का? छावनीची अक्का?" मग आम्ही दोघी तिथंच गिऱ्हाइकांसमोर रडलो. गिरणी चालू होती, कुणाला ऐकू गेलं नसेल.

जेवायला पिठलं-भाकरी, ठेचा. काय तो हात. आईच्या हाताची चव तिच्या हातात आहे, माझ्या नाही.

मी सरळच विचारलं. दुरडी आठवते? म्हणाली, "आठवती म्हंजे? उंदरानं कुरतडली तवा मी दोन दिस जेवले नाय." भाकरी लपवायचीस ते? ते तिला आठवत नाही. बाबांचा बूटसुद्धा नाही. थोडं वाईट वाटलं, तो आमच्या घरातला सगळ्यात आवडता किस्सा. पण तिची सून आतून म्हणाली, "मावशी, लपवत्यात की आजून. उशाला डबी आसती. रोज रात्री भाकरीचा तुकडा घालायचा, सकाळी कोंबड्यास्नी टाकायचा. ती डबी घरात कुनी हलवत नाय."

घरात पिठाची गिरणी आणि उशाला भाकरीचा तुकडा. मी कौसाकडे बघितलं. ती हसली. "झोप लागत नाय त्याबगर. का ते मला इचारू नको अक्का."

मी तिथं "सगळं जातं" ऐकायला गेले होते.

निघताना महालक्ष्म्यांचं विचारलं. त्या दुष्काळात आईनं काय केलं होतं, नैवेद्य होईस्तोवर तुला कसं थोपवलं? ते मात्र तिला लख्ख आठवत होतं. "आत्यानं सकाळीच हातात भाकर दिली. म्हनली, ही धर आन माझ्याम्होरं बस. खाऊ नको म्हनली नाय. खा बी म्हनली नाय. दिसभर धरून बसले. खाल्लीच नाय अक्का. हातात व्हती ना."

मी त्या खोलीत होते. मला यातलं काही आठवत नाही.

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

रस्त्यावर ढोल. खिडक्या लावून रेवतीशी बोलले. काय सांगावं याचा बसमध्ये विचार करत आले होते. चांगलं तेवढंच सांगितलं असतं तर? गिरणी, सुना, नातवंडं. पण तिनं खरं विचारलं होतं. डबीचंही सांगितलं. अजून आहे म्हणाले. एवढ्या वर्षांनी.

रेवती बराच वेळ मनगट चोळत बसली. मग म्हणाली, "नातू पाठीवर होता म्हणालात ना. कौसाबाई मुलांना जवळ घेतात का?"

"उतरवत नव्हती खाली."

एवढंच. उठून गेली. चुकलं का माझं, कळत नाही. मं. म्हणतो, "आई, तू डबीचं नको सांगायला होतंस." असेल.

७ सप्टेंबर, रविवार. ग्रहण

वेध लागायच्या आधी घरातलं शिजवलेलं संपवायचं असतं. डबा हातात घेतला आणि ठेवला. आत तुळशीचं पान टाकलं, झाकण लावलं. पान घातलं की दोष लागत नाही असं आई म्हणायची. नसेल म्हणत तर मी म्हणते.

तारा लांबून बघत होती.

१० सप्टेंबर, बुधवार

स. रेवती पोळ्या करत होती. पहिली पोळी तव्यावरून काढली, फुंकर मारून ताराच्या हातात दिली. म्हणाली, "धर. माझ्यासमोर बस." बाकी काही नाही. पोर ओट्याखाली बसली, पोळी धरून, रेवतीच्या पावलाला टेकून. मी मुकाट्यानं देवघरात गेले. देवासमोर उभी राहून काय मागावं सुचेना, तशीच परतले.

दु. डब्याचं झाकण वाजलं. उघडून, परत लावल्याचा आवाज. मी जन्मभर कानांनी कमावून खाल्लं, एवढं ओळखते.

रेवती मॅडमबद्दल बोलत नाही. मीही विचारत नाही. सोमवार जवळ येतोय.

१३ सप्टेंबर, शनिवार

दु. तारा जेवायला बसली होती. खाली अंगणात पोरांचा गलका झाला, कुणीतरी कुत्र्याचं पिल्लू आणलेलं. ती उठली. हात फ्रॉकला पुसले आणि पळाली. ताटात अर्धी पोळी आणि भाजी तशीच.

आली त्या दिवसापासून तिनं ताटात कण सोडलेला नाही. उठताना हातात, खिशात, मुठीत काहीतरी असायचंच. आज हात रिकामे घेऊन गेली. मागे वळूनही पाहिलं नाही.

माझ्या तोंडात आलंच होतं, पानात टाकू नये. पिढ्यान्पिढ्या तेच शिकवत आलोय. रेवतीनं माझ्या तोंडावर हात ठेवला. तोच हात, मनगटावर अजून वळ. दोघी तशाच उभ्या राहिलो ताटाकडे बघत. खालून ताराचा आवाज, पिल्लावर ओरडत होती, सगळ्यांच्या वरचा.

संध्याकाळी मं. आला. सगळं ऐकून ताटापुढे मांडी घालून बसला. मग त्यानं विचारलं, "परवा मॅडमना काय सांगायचं?"

रेवती म्हणाली, "परवाचं परवा. ते ताट तेवढं कुणी उचलू नका."

ताट अजून तिथंच आहे. मुंग्या लागल्यात, लागू देत.